चाळीस माणसांचा बोअर: मराठवाड्यातलं निसर्ग पर्यटन आणि सरकारी कागद

येळवशीला लातुरात रिक्षा सापडत नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या. कॅलेंडरवर वेळ अमावस्या, बोलताना येळवस. बाजारातली शटरं खाली, रस्ते संचारबंदी लागल्यासारखे आणि अख्खं गाव रानात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, मडक्यात आंबील, पातेल्यात भज्जी, दुरडीत उंडे. स्वतःचं शेत नसलं तरी बिघडत नाही, दोन-तीन ठिकाणची बोलावणी असतातच. कुणाच्या बांधावर कोण जेवला याचा हिशेब नसतो. जेवणं झाली की उष्टं-खरकटं जनावरांपुढं जातं. (आता कागदी द्रोण आणि प्लॅस्टिकचे ग्लास आलेत, ते वेगळं.) एका दिवसात हजारो माणसं शहरातून शेतात जातात, खातात, हिंडतात आणि दिवेलागणीला परततात. यासाठी पर्यटन खात्याच्या एकाही साहेबानं आजवर बैठक घेतलेली नाही.

येळवस आधी सांगितली ती मुद्दाम. ‘निसर्ग पर्यटन’, ‘शाश्वत पर्यटन’ असले शब्द कानावर पडले की आपल्याला वाटतं हे ताडोब्याचं, फार तर केरळचं काम असेल. इथं दुष्काळी भागात त्याचं काय? पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या शब्दांवर केंद्राची दोन खाती, राज्याची दोन खाती आणि एक स्वतंत्र मंडळ कामाला लागलंय. धोरणं निघाली, निधी निघाले, फलक लागले. आपल्या गावाजवळचा डोंगर किंवा तलाव उद्या त्या यादीत आला, तर नेमकं काय होणार हे आधी कळलेलं बरं.

दोन शब्द

निसर्ग पर्यटन म्हणजे जंगल, तळं, माळरान, तिथली पाखरं-जनावरं पाहायला जाणं. त्याला दोन अटी आहेत. जाण्यानं त्या जागेची नासधूस होऊ नये, आणि पर्यटकाच्या खिशातून निघालेल्या पैशातला बरा वाटा शेजारच्या गावात पडावा. यातली एक जरी अट मोडली तरी ती नुसती जंगलातली सहल.

शाश्वत पर्यटनाचा प्रश्न वेगळा आहे. कुठं गेलात यापेक्षा कसं गेलात, किती जण गेलात, किती पाणी वापरलंत, कचरा कुठं टाकलात, हे त्यात बघतात. ही कसोटी देवळालाही लागते आणि किल्ल्यालाही. तुळजापूरच्या नवरात्रात लाखोंच्या गर्दीचं पाणी आणि मैला नीट हाताळला तर ते पर्यटन शाश्वत म्हणता येईल. उलट ‘निसर्ग पर्यटन केंद्र’ अशी कमान उभारून आत गाड्यांची रांग सोडली, तर फलकावर काहीही लिहिलेलं असो, ते अशाश्वतच.

मराठवाड्याला हा फरक जास्त कळायला हवा, कारण आपल्याकडं जंगल मोजकं आहे. कन्नडचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर, त्यातला काही भाग जळगावच्या हद्दीत. बीडच्या पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य ३० चौरस किलोमीटरच्या आत. धाराशिवजवळचं येडशी रामलिंगघाट अवघं २२. किनवटकडचं पैनगंगा अभयारण्य यवतमाळशी वाटून घेतलेलं. पाण्यात पसरलेलं जायकवाडी ३४१ चौरस किलोमीटर. एकही व्याघ्र प्रकल्प नाही. दुसऱ्या बाजूला औंढा, परळी आणि वेरूळचं घृष्णेश्वर अशी तीन ज्योतिर्लिंगं, तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई, पैठण, नांदेडचं हुजूर साहिब. आपला पर्यटक बहुतेक करून यात्रेकरूच असतो. त्यामुळं माझ्या मते आपल्याकडं ‘निसर्ग’पेक्षा ‘शाश्वत’ हा शब्द जास्त कामाचा. सरकारी फायलींत मात्र जोर पहिल्यावर असतो, कारण पहिल्याचं उद्घाटन करता येतं.

कोणाच्या हातात काय

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळून चालणार नाही. आवरतो लवकर.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाकडं पैसा आणि धोरण. २०१४-१५ मध्ये ‘स्वदेश दर्शन’ योजना आली. एका विषयाची ठिकाणं एका माळेत ओवायची आणि तिथं सोयी करायच्या, अशी तिची रचना. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत सिंधुदुर्गची किनारपट्टी गेली. पुढं योजनेचं रूप बदललं, ‘स्वदेश दर्शन २.०’ मध्ये माळेऐवजी एकेक ठिकाण धरायचं ठरलं, आणि तेव्हा अजिंठा-वेरूळचं नाव यादीत आलं. २०२२ मध्ये याच मंत्रालयानं शाश्वत पर्यटनाचं आणि निसर्ग पर्यटनाचं अशी दोन राष्ट्रीय धोरणं काढली. पर्यावरण, जैवविविधता, स्थानिकांची कमाई, संस्कृती, प्रमाणपत्र, प्रशिक्षण आणि कारभार, असे शाश्वत पर्यटनाच्या धोरणाचे सात खांब. यातला प्रमाणपत्राचा खांब मला कामाचा वाटतो. एखादं हॉटेल स्वतःला हिरवं म्हणवत असेल, तर ते कुणीतरी तपासलेलं असावं, एवढी साधी मागणी त्यात आहे.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडं कायदा. जंगलात काय चालेल आणि काय नाही, ते इथं ठरतं. २०२१ मध्ये त्यांनी जंगल आणि वन्यजीव क्षेत्रांतल्या निसर्ग पर्यटनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

राज्यात वनखात्याचं निसर्ग पर्यटनाचं धोरण २००८ सालचं. ते राबवायला २०१५ मध्ये नागपूरला महाराष्ट्र निसर्ग पर्यटन विकास मंडळ उभं राहिलं. पर्यटन खात्याचा संसार वेगळा. विश्रामगृहं आणि महोत्सव सांभाळणारं पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे आपलं एमटीडीसी, १९७५ पासूनचं. नोंदणी आणि धोरण पर्यटन संचालनालयाकडं. २०२० चं कृषी पर्यटन धोरण त्यांचंच. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करून रीतसर पाहुणे ठेवता येतात. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतील तर निवास-न्याहारी योजना आहे. २०२४ चं राज्याचं पर्यटन धोरण दहा वर्षांचं: एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार, हे त्याचं लक्ष्य.

लक्ष्य वाचताना एक बघा. गुंतवणूक मोजलीय, रोजगार मोजलेत. अमुक ठिकाणी जास्तीत जास्त किती माणसं यावीत, हा आकडा असल्या मथळ्यांत कधी नसतो. खरी गोम तिथंच आहे.

बोअर

संभाजीनगरहून तासाभराच्या अंतरावर एका शेतावर आम्ही दर पौषात हुरड्याला जातो. खोदलेली आगटी, गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेली कणसं हातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मागून बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि भुरका. शेतमालकांना सगळे तात्या म्हणतात. गेल्या खेपेला आम्ही आगटीभोवती बसलो असताना त्यांना फोन आला. पलीकडून कुठल्याशा कंपनीचा माणूस नव्वद जणांसाठी विचारत होता, पैसे आगाऊ द्यायलाही तयार होता.

‘‘चाळीस,’’ तात्या म्हणाले. ‘‘त्याच्यावर एक बी नाही.’’

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, तात्या, घरी आलेली लक्ष्मी परत पाठवली की.

‘‘सर, बोअर चाळीस माणसांचा हाय,’’ ते म्हणाले. मग समजावून सांगितलं. आत्ता दोन इंच पाणी आहे, संक्रांतीनंतर दीड, शिमग्याला एक. माणूस आला की हात धुतो, पाय धुतो, संडासला जातो, पोरं तोटी सोडून पळतात. नव्वद माणसांना एक दिवस पाणी पुरवता येईल, पण मग चैत्रात मोसंबीला काय घालायचं?

याला धोरणाच्या भाषेत धारणक्षमता म्हणतात. एखादी जागा स्वतःचं नुकसान करून न घेता किती माणसं पेलू शकते, तो आकडा. सगळ्या शाश्वत पर्यटनाचा जीव त्यात आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, आधी नोंदणी करून यायला लावलं आणि शुल्काचा कारभार आसपासच्या गावांच्या समितीकडं दिला. गर्दीचे हाल तिथं अजून होतात, पण निदान एक आकडा आहे.

तो काढतात कसा? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांसाठी एक रीत दिली. आपल्याकडं व्याघ्र प्रकल्प नाही, पण रीत कुठंही वापरता येते. आकडे कल्पनेतले घेऊन करून बघू.

समजा अभयारण्यात गाड्यांसाठी खुला रस्ता २० किलोमीटरचा आहे. दोन गाड्यांत किमान अर्धा किलोमीटर अंतर हवं, म्हणजे एका वेळी ४० गाड्या मावतात. सकाळची एक आणि दुपारची एक अशा दोन फेऱ्या धरल्या तर दिवसाला ८०. ही झाली भौतिक क्षमता, नुसत्या जागेचा हिशेब.

आता वजाबाकी. धुळीनं आणि धुपीनं रस्ता खराब होतो, म्हणून चौथा हिस्सा काढला: ६० राहिल्या. जनावरांच्या पाणवठ्यांना त्रास होतो म्हणून उरलेल्यातला आणखी चौथा: ४५. ही वास्तविक क्षमता.

शेवटची पायरी खरी मजेची. एवढ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला दहा वनरक्षक आणि मजूर लागतात, आणि प्रत्यक्षात हजर चार आहेत. म्हणजे व्यवस्था चाळीस टक्के. ४५ चे चाळीस टक्के १८. दिवसाला अठरा गाड्या, ही परिणामकारक क्षमता.

ऐंशीच्या अठरा झाल्या, आणि सर्वांत मोठी कात्री लागली ती माणसं कमी असल्यामुळं. कमान, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट आणि सिमेंटचा मोर यांतल्या कशानंही तो आकडा एकानंसुद्धा वाढत नाही. वनरक्षकाची रिकामी जागा भरली तर मात्र साडेचार गाड्या वाढतात. निसर्ग पर्यटनावर खर्च झाला असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं: पगारावर किती आणि सिमेंटवर किती?

पाण्याचा हिशेब याहून कडक असायला हवा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आपण कुणी विसरलेलो नाही. अशा मुलखात म्हैसमाळला किंवा आणखी कुठं जलतरण तलावासकट रिसॉर्ट येणार म्हटल्यावर पहिला कागद पाण्याचा मागायला हवा. तात्यांनी तो न मागता दिला होता.

फर्दापूरची बस

सरकारला हे जमतच नाही असं नाही. जमल्याचा सर्वांत जुना नमुना आपल्याच संभाजीनगर जिल्ह्यात आहे.

अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाला फर्दापूरचा टी-पॉइंट आठवेल. आपली गाडी तिथं लावायची, बाजारातून चालत थांब्यावर यायचं आणि तिथून चार किलोमीटर एसटीच्या बसनं लेण्यांपर्यंत जायचं. लोक कुरकुरतात. दिवाळीच्या सुट्टीत त्या रांगेत मीही घाम गाळलाय, पिशवी-टोपी-स्फटिकवाल्यांना ‘नको’ म्हणून घसा कोरडा केलाय. पण ती बस कशासाठी आहे हे फलकावर कुठं धड लिहिलेलं नसतं, म्हणून इथं सांगतो.

अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा लेप आहे. त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे कालवलेले. वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. म्हणजे ते चित्र जवळपास आपल्या सारवलेल्या भिंतीवर काढलेलं आहे, दीड हजार वर्षांपूर्वी. सारवलेल्या भिंतीला ओल लागली की काय होतं ते खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लेप फुगतो, सुकला की तडकतो, मग पोपडा सुटतो. आणि ओल फक्त पावसाची नसते. कोंदट लेण्यात माणसं भरली की प्रत्येक श्वासातून दमटपणा आत येतो, अंगाची ऊब येते. म्हणून एका वेळी मोजकेच लोक आत, थोडाच वेळ, फ्लॅश बंद. गाड्या दरीपासून लांब थांबवल्या त्या धूर आणि धूळ आत येऊ नये म्हणून. १९८३ मध्ये अजिंठा-वेरूळ जागतिक वारसा यादीत गेलं, त्यानंतर जपानच्या कर्जातून १९९२ आणि २००३ अशा दोन टप्प्यांत इथं मोठं काम झालं. रस्ते, पाणीपुरवठा, झाडं लावणं आणि वाहनतळ हलवणं. ती बस त्या कामाची देण.

त्याच कर्जातून अजिंठ्याला आणि वेरूळला भव्य अभ्यागत केंद्रंही झाली. कल्पना उत्तम होती. आत लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, उजेडात, निवांत. ज्याला फक्त फोटो काढायचाय त्याचं तिथंच समाधान व्हावं, खऱ्या लेण्यावरचा भार हलका व्हावा. पण काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि दारं बंद झाली. बांधायला परदेशी कर्ज मिळालं, दिवा लावायला गावचा पैसा निघाला नाही. बस चालली कारण तिला रोज तिकिटाचे पैसे मिळतात. केंद्र बंद पडलं कारण रोजचा खर्च कुणाच्या खिशातून, हे बांधताना ठरलं नव्हतं. आपल्या तालुक्यात पर्यटनाची नवी इमारत मंजूर झाली की मला पहिली आठवण याचीच होते.

एका पाण्याचे चार मालक

नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, डिसेंबरात पहाटे गेलं की काठावर थंडी हाडात शिरते. धुकं विरळ होईपर्यंत काही दिसत नाही, फक्त आवाज. मग एकेक थवा उमटतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, नशीब असेल तर उथळ पाण्यात रोहितांची रांग. उथळपणा हीच या धरणाची श्रीमंती. १९७६ मध्ये धरण झालं तेव्हा सपाट शेतीत पाणी पसरलं, खोल दरी नव्हतीच. पाणी ओसरलं की मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि पाणपक्ष्यांना ताट वाढलेलं मिळतं. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं ते यामुळं.

पण इथं कारभार कोणाचा? पाणी आणि जमीन जलसंपदा खात्याची. अभयारण्य वनखात्याचं. मासेमारीचे ठेके मत्स्यव्यवसायाच्या कायद्यानं. पर्यटकांना आणण्याची जाहिरात पर्यटन खात्याची. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा करणारा शेतकरी पाचवा, त्याला तर कुठल्याच बैठकीचं आवतण नसतं. निरीक्षण मनोरा उभारायचा तर एकाची जागा, दुसऱ्याची परवानगी, तिसऱ्याचा पैसा. काठावर थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढणाऱ्या एका मामांना मी विचारलं, पक्षी बघायला माणसं येतात, तुम्हाला काही सुटतं का त्यातून?

‘‘पाखरं पाण्यावर येतेत, माणसं पाखरांवर येतेत,’’ मामा म्हणाले. ‘‘आमच्यावर कोण येतंय? उलट जाळं तिकडं टाकू नका म्हणतेत.’’

तरीही कुठला पक्षी कुठल्या फुगवट्यात उतरतो, हे मामांनी मला दहा मिनिटांत बोटानं दाखवलं. गाइड म्हणून प्रशिक्षण देण्याच्या योजना या धोरणांत आहेतच. मामांच्या माहितीला फक्त ओळखपत्र आणि दिवसाचा दर हवाय. नुकसानीची अट आणि पैशाची अट इथं एका माणसात पुरी होते.

आता त्याच पाण्यावर तरंगते सौर पॅनेल येऊ घातलेत. मच्छीमारांच्या वतीनं राष्ट्रीय हरित लवादाकडं आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. २०२५ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. अभयारण्याभोवतीच्या पट्ट्याला पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणतात. तिथं काही उद्योगांना बंदी आहे, पण सौर ऊर्जेसारख्या गोष्टींना मोकळीक आहे, उलट उत्तेजनच आहे. कागदावर वीज हिरवी, पाखरू हिरवं, पर्यटन हिरवं. तिन्ही एकाच पाण्यावर आली की कुणी सरकायचं, याचं उत्तर पर्यटन धोरणात सापडत नाही.

आलेले पाहुणे

२०२१ च्या मार्चात गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. किती तरी दशकांनी. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो शेकडो किलोमीटर चालून आला होता. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या २२ चौरस किलोमीटरच्या जंगलात असाच एक आला, तोही टिपेश्वरचाच. बार्शी, भूम, वाशी पट्ट्यात जनावरं मारली गेली, लोक धास्तावले, त्याला पकडून सह्याद्रीत हलवायची खटपट झाली.

वाघ आला की दुसऱ्या दिवशी ‘आता इथं सफारी सुरू करा’ अशी मागणी येते. मला ती घाईची वाटते. हे वाघ आपल्याकडं राहायला नव्हे, जागा शोधत फिरतायत. त्यांची वाट म्हणजे डोंगराच्या कडेची झुडपं, नदीचे काठ, ओढे, पडीक माळ. त्या वाटेवर चार रिसॉर्ट, रात्रभर दिवे आणि डीजे आले तर वाट तुटते. आपली ताकद सफारीपेक्षा माळरानात आहे. पुणे जिल्ह्यात वनखात्यानं २०२३ मध्ये शिरसुफळ आणि कडबनवाडीला माळरान सफारी सुरू केली: लांडगा, चिंकारा, खोकड बघायला. सकाळी लवकर, आधी नोंदणी करून, स्थानिक गाइडबरोबर. हरणं, लांडगे, मोर आणि गवत आपल्याकडंही आहे. त्याला ‘पडीक’ म्हणायचं सोडलं की झालं.

कागद कुठं बघायचा

शेवटी एक कायद्याची गोष्ट, कारण ती नवी आहे आणि गावाच्या थेट कामाची आहे.

जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते, हा १९८० च्या कायद्याचा गाभा. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वनखात्याच्या कार्य आयोजनेत किंवा अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात निसर्ग पर्यटनाची सोय लिहिलेली असेल, तर तिला आता वनेतर काम धरत नाहीत. म्हणजे पूर्वी दिल्लीला जाणारी फाइल आता आराखड्यातच मिटू शकते. काहींना हे सोयीचं वाटतं, काहींना भीती वाटते. दोन्ही बाजूंना कारणं आहेत. एक गोष्ट मात्र पक्की. काय बांधणार, कुठं बांधणार आणि किती माणसं सोडणार, हे ठरवणारा कागद आता तो आराखडा आहे.

अभयारण्यालगतच्या गावात ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते, बाकी जंगलाच्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती. प्रवेश शुल्क, पार्किंग, गाइड यांचा पैसा गावात थांबायचा असेल तर तो या समितीच्या खात्यातून फिरतो. बऱ्याच गावांत समिती असते, खातं असतं, पण अध्यक्ष कोण हे सरपंचालाही चटकन सांगता येत नाही. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेत, त्यांच्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. पर्यटनाची बोलणी त्यांनी हात जोडून नव्हे, त्या अधिकारानं करायची असतात.

आराखडा विभागीय वनकार्यालयात असतो. तोंडी मागितल्यावर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असं उत्तर मिळालं, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. अर्जात तीन गोष्टी मागायच्या: निसर्ग पर्यटनाचं प्रकरण, धारणक्षमतेचा हिशेब, आणि गेल्या तीन वर्षांत समितीच्या खात्यात जमा झालेल्या शुल्काचा उतारा. हिशेबाचं पान कोरं निघालं, तर ग्रामसभेत तेच पान वाचून दाखवायचं.